दहावीच्या वर्षी मैदान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. बोलताना जी पाल्हाळ लागली ती छापताना थोडी आवरली आहे.)



तुमच्या चिटणीसबाईंनी मला विषय कळवला तो असा : ‘किशोरवयीन मुलामुलींचे शारीरिक शिक्षण व मानसिक स्वास्थ्य’. पत्र वाचून मी जरा घाबरले. हा विषय एखाद्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाला शोभणारा. आणि मी तर बत्तीस वर्षे गळ्यात शिट्टी अडकवून मुलींच्या शाळेच्या मैदानावर उभी राहिलेली पी.टी.ची बाई. तेव्हा मी आपले डोळ्यांनी पाहिलेले सांगणार आहे. जाणत्या लोकांनी जे मोजून पाहिले आहे त्याच्याशी माझे पाहणे जुळेल तिथे तेही सांगेन. आणि माझ्या हातून जे चुकले तेही सांगणार आहे, कारण ते सोडून बोलले तर या विषयावर बोलण्याचा मला अधिकारच राहणार नाही.

गेल्या श्रावणात याच सभागृहात मंगळागौरीच्या खेळांची तालीम चालली होती. मी सहज डोकावले. साठीच्या घरातल्या बायका नऊवारीचा काचा मारून बसफुगड्या घालत होत्या, पिंगा घालत होत्या, धापा टाकत होत्या आणि हसत होत्या. दारात दोन मुली उभ्या होत्या. आठवी-नववीतल्या असतील. आजीला न्यायला आल्या असाव्यात. मी म्हटले, “या ग आत, एक फुगडी घाला.” पहिली म्हणाली, “नको, क्लासला उशीर होतोय.” दुसरी काहीच बोलली नाही. ओढणी सारखी केली, हातांची घडी घातली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

ती दुसरी मुलगी मला नवीन नाही. बत्तीस वर्षे दरवर्षी मी तिला पाहत आले आहे. पाचवीत असते तेव्हा तिला मैदानावरून वर्गात न्यायला शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखतात. सहावीत ती लंगडीच्या संघात असते. सातवीच्या दिवाळीनंतर ती पायरीवर बसायला लागते. आधी एखाद-दुसऱ्या दिवशी, मग रोज. आठवीत तिच्या आईची चिठ्ठी येते, ‘पोटात दुखत असल्याने खेळण्यापासून सूट द्यावी’. आणि दहावीत तिला चिठ्ठीही आणावी लागत नाही, कारण तोवर खेळाचा तासच गणिताच्या बाईंनी मागून घेतलेला असतो.

काय होते हो एवढ्या दोन-तीन वर्षांत? उंची एकदम वाढते. हातपाय लांब होतात आणि मनाला त्यांचा अंदाज यायला वेळ लागतो, म्हणून कालपर्यंत चेंडू अचूक झेलणारी मुलगी आज तो सोडते. पाळी सुरू होते. अंगावर येणारी नजर कळू लागते. आजवर शरीर म्हणजे झाडावर चढायचे, पळायचे, पडायचे एक साधन होते. आता ते लोकांनी पाहायची वस्तू होऊन बसते. मुलग्यांचेही फार वेगळे नसते. आवाज फुटतो, मिसरूड येते, उशिरा वाढणारा मुलगा लवकर वाढलेल्यांच्या शेजारी खांदे पाडून उभा राहतो. म्हणजे ज्या वयात मूल आपल्या शरीराला परके होते, नेमके त्याच वयात आपण त्याला मैदानावरून उठवतो. माझे आजचे म्हणणे मुख्यतः एवढेच आहे.

ही गोष्ट एकट्या आपल्या गावाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंग घामेजेल अशी हालचाल सांगितली आहे. याच संघटनेच्या अभ्यासकांनी १४६ देशांतल्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. २०१६ सालचा त्यांचा हिशेब असा, की ११ ते १७ वयाची १०० पैकी ८१ मुले एवढी हालचाल करतच नाहीत. मुलग्यांत हे प्रमाण ७८ आणि मुलींत ८५. दक्षिण कोरियात तर मुलींचे ९७! आपल्या देशातले आकडे त्या मानाने थोडे बरे निघाले. पण का बरे निघाले? मुलगे क्रिकेट खेळतात म्हणून; आणि मुलींच्या बाबतीत, त्यांना घरकाम पडते म्हणून असावे, असे त्या अभ्यासकांनी नोंदवले आहे. हे वाचून हसावे की रडावे मला कळेना. आपल्या मुलींचा व्यायाम म्हणजे केरवारे आणि धुणीभांडी!

आणि मनाचे म्हणाल तर बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या १०० पैकी सातांहून अधिक मुलांना मानसिक विकार आढळला होता. साठ मुलांचा वर्ग धरला तर चार जण आले. २०२२ मध्ये एन.सी.ई.आर.टी.ने ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांना विचारले, तेव्हा १०० पैकी ८१ जणांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल हे आपल्या काळजीचे कारण सांगितले. तुम्ही आया आहात, आज्या आहात. यात तुम्हाला नवल वाटायचे कारण नाही.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते.

माझी आई औंधची. तिचा जन्म १९३० चा, म्हणजे तिची शाळा संस्थानी अमलातली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांना सूर्यनमस्कारांचे वेडच होते म्हणा ना! स्वतः रोज घालत, त्यावर पुस्तके लिहिली, आणि आपल्या संस्थानच्या शाळांत मुलामुलींना नमस्कार सक्तीचे केले. आई सांगायची, सुरुवातीला बायामाणसांत कुजबुज झाली, पोरींनी लोटांगणे घालायची म्हणजे काय! पण राजाच म्हणतो म्हटल्यावर बोलणार कोण? सोळाव्या वर्षी आईचे लग्न झाले, सासरी नऊ माणसे, तरी पहाटे अंधारात माजघरात बारा नमस्कार घालून मगच ती चूल पेटवायची. ऐंशी ओलांडली तरी तिने तो नेम मोडला नाही. आम्ही मुले तिला विचारत असू, “आई, याने काय होते?” ती म्हणे, “तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही.” मानसिक स्वास्थ्याची याहून चांगली व्याख्या मला पुढे पदविकेच्या पुस्तकांतही सापडली नाही.

तिची मी मुलगी, त्यात पी.टी.ची शिक्षिका. आणि तरीही माझी धाकटी दहावीत गेली त्या जूनमध्ये, २००५ साली, मी तिचे खो-खोचे बूट माळ्यावर टाकले. ती शाळेच्या संघात होती, पळती चांगली होती. मी म्हटले, “एक वर्ष. मार्च झाला की मग हवे तेवढे खेळ.” लोकांच्या मुलींना मैदानावर ओढून आणणारी मी, स्वतःच्या मुलीला घरात कोंडून बसले. गणिताच्या बाईंना नावे ठेवायचा मला काही हक्क आहे का?

गणपतीपर्यंत ठीक चालले. दिवाळीनंतर तिची झोप गेली. रात्री दीड-दोनपर्यंत टक्क जागी, सकाळी उठवत नाही. नखे कुरतडून बोटे लाल झाली. चिडचिड तर विचारू नका. जानेवारीत पूर्वपरीक्षेला बीजगणिताच्या पेपराला तिची छाती धडधडू लागली, हातापायांना मुंग्या आल्या, आता आपण मरणार असे तिला वाटले. पेपर अर्धा कोरा ठेवून ती बाहेर आली. आम्ही घाबरून डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, हृदयाची पट्टी काढली. म्हणाले, हृदय उत्तम आहे, हे भीतीने होते आहे. मग त्यांनी सहज विचारले, “ही आधी काही खेळत होती का? मग थांबवलेत कशाला?” त्या वेळी मी कुठे पाहावे मला कळेना. माझ्या पर्समध्ये शिट्टी होती.

मैदान लगेच सुरू झाले असे नाही. तिलाच नको होते. घराबाहेर पडले की पुन्हा तसे होईल ही भीती. तेव्हा माझ्या आईने तिला हाताशी धरले. आई पंचाहत्तरीची, नात पंधराची. पहाटे दोघी गच्चीवर जायच्या. पहिल्या दिवशी तीन नमस्कार झाले. महिन्याने बारा झाले. संध्याकाळी ती मैत्रिणीबरोबर शाळेच्या मैदानाला चार फेऱ्या मारू लागली. मध्यंतरी समुपदेशक बाईंकडेही आम्ही चार वेळा नेले. तेही काम त्यात आहेच, सगळे श्रेय नमस्कारांना देऊन मी खोटे बोलणार नाही.

एक दिवस ती मला म्हणाली, “आई, खो-खोत पळाले की छाती अशीच धडधडायची ग. पण तेव्हा भीती नाही वाटायची.”

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही, कारण या सगळ्या विषयाचे मर्म मला तिथे कळले. भीतीत जे शरीराचे होते तेच पळण्यात होते. श्वास वाढतो, ठोके वाढतात, घाम येतो, तोंड कोरडे पडते. ज्या मुलाने हे सगळे मैदानावर रोज अनुभवले आहे, त्याला ठाऊक असते की ठोके चढतात आणि पाच मिनिटे बसले की आपोआप उतरतात. ज्याने गेल्या दोन वर्षांत क्लासचा जिना सोडून काही चढलेलेच नाही, त्याला परीक्षेच्या खोलीत छाती धडधडली की वाटते, काहीतरी भयंकर घडते आहे. त्या भीतीने ठोके आणखी चढतात. मानसोपचार करणारी मंडळी अशा रुग्णांना मुद्दाम जागच्या जागी पळायला लावतात, जिना चढायला लावतात, ते याचसाठी.

दुसरी गोष्ट झोपेची. या वयात मेंदूतले झोपेचे घड्याळच उशिराकडे सरकते. मुले रात्री जागतात त्यात सगळाच हट्ट नसतो. दिवसा अंग दमले, उन्हात-उजेडात वावरले, तर झोप लवकर आणि गाढ लागते. आणि झोप नसली की मनाचे काय होते ते इथे बसलेल्या प्रत्येकीला तान्ह्या मुलाच्या वेळचे आठवत असेल. तिसरी गोष्ट, मनातले चऱ्हाट. एकच विचार दळत बसण्याची सवय या वयात फार लागते. अंगावर चेंडू येत असताना दळण दळता येत नाही. मोबाइलबद्दल मी मुद्दाम काही बोलत नाही. त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत, आणि बोलताना त्यांच्याही हातात तोच असतो.

धाकटीला मार्चमध्ये गुण किती पडले म्हणाल, तर आम्हाला वाटले होते त्याहून कमीच पडले. पण तिने सगळे पेपर पूर्ण लिहिले.

एका घरावरून सिद्धान्त काढू नये हे मला कळते. इंग्लंडातल्या ब्रिस्टल भागात लहानपणापासून नोंदी ठेवलेली मुले आहेत. त्यातल्या ४,२५७ मुलांच्या अंगावर १२, १४ आणि १६ व्या वर्षी हालचाल मोजणारे छोटे यंत्र लावले आणि १८ व्या वर्षी त्यांच्या मनाची अवस्था विचारली. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बाराव्या वर्षी जी मुले दिवसाला एक तास जास्त हलकी हालचाल करत होती, त्यांच्यात अठराव्या वर्षी उदासीची लक्षणे सुमारे १० टक्के कमी दिसली. आणि हलकी हालचाल म्हणजे काय? चालणे, घरातली कामे, उभ्याने काही करत राहणे. जास्त वेळ बसून राहणाऱ्यांत लक्षणे जास्त दिसली. हालचालीनेच मन सुधारले असे यावरून छातीठोकपणे म्हणता येत नाही, हे मान्य. तरी मुलीला क्लासला दुचाकीवरून सोडणाऱ्या आयांनी याचा विचार करावा. अंतर वीस मिनिटांचे असेल तर तिला मैत्रिणीबरोबर चालू द्या. मुलालाही कपडे वाळत घालू द्या. ते कामही होईल.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, बाई मैदानाचे गोडवे गायला आल्या आहेत. तसे नाही. मैदान मन बरे करते तसे मोडतेही, आणि मोडण्याचे काम मी स्वतः केलेले आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे जुलैत मुलींची वजन-उंची घेऊन नोंदवहीत भरावी लागे. मी काट्याशी उभी राहून आकडा मोठ्याने सांगायची आणि वर्गप्रमुख मुलगी लिहायची. काम लवकर उरकावे, एवढाच हेतू. आठवीतली एक मुलगी काट्यावर उभी राहिली, मी म्हटले, “अठ्ठावन्न!” वर्ग हसला. मीसुद्धा, खरे सांगते, किंचित हसले. तेव्हापासून ती मुलगी मैदानावर आली नाही. कधी डोके, कधी पोट, कधी गुडघा. मी शेऱ्यात लिहिले, ‘खेळात रस नाही. आळशी.’ दहावी होऊन ती गेली, मी विसरून गेले.

वीसेक वर्षांनी पोस्टात मी रांगेत उभी होते. खिडकीमागून आवाज आला, “बाई, ओळखलंत का?” मी ओळखले नाही. तिने नाव सांगितले. मग काम करता करता, अगदी शांतपणे, जरासुद्धा राग न दाखवता म्हणाली, “तुम्ही माझं वजन वाचून दाखवलंत ना, त्यानंतर शाळेत मी कधी पळाले नाही. लोकांसमोर पळायचं म्हटलं की अठ्ठावन्न ऐकू यायचं.” मी क्षमा मागितली. मागे रांग होती, नीट मागताही आली नाही. ती म्हणाली, “जाऊ द्या हो बाई. आता मुलीला घेऊन रविवारी अजिंक्यतारा चढते मी. तिला आवडतं.” आणि तिने तिकिटे आणि सुटे पैसे माझ्या हातात दिले.

तेव्हापासून मी वजन घ्यायची पद्धत बदलली. पडदा लावला, आकडा मीच लिहिला. संघ पाडतानाही बदलले. पूर्वी दोन मुली पुढे बोलावून ‘तू घे, मी घेते’ असे चाले. शेवटी उरायची ती रोज तीच. विचार करा, रोज सगळ्या वर्गादेखत आपण कुणालाच नको आहोत हे ज्या मुलीला कळते, तिला त्या तासातून कसले स्वास्थ्य मिळणार? मी आकडे मोजून संघ पाडू लागले. इतके सोपे होते, आणि माझी अर्धी नोकरी झाल्यावर सुचले. शिक्षा म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावणेही मी बंद केले. पळणे ही शिक्षा असे आपणच शिकवले, तर पुढे मूल आनंदाने कसे पळेल?

म्हणून व्यायाम आणि शारीरिक शिक्षण यांत मी फरक करते. घाम दोन्हीत निघतो. पण कुणाच्या सोबतीने निघाला आणि कुणाच्या हसण्यात निघाला, यावर मनाचे सारे अवलंबून असते. अमेरिकेत ९ ते १३ वयाच्या ११ हजारांहून अधिक मुलांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संघाने खेळायचे खेळ खेळणाऱ्या मुलांत चिंता, उदासी, एकलकोंडेपणा कमी आढळला; पण केवळ एकट्याचे खेळ खेळणाऱ्या मुलांत मात्र काहीच न खेळणाऱ्यांपेक्षाही हा त्रास जास्त दिसला. याचा अर्थ टेनिस किंवा कुस्ती वाईट असा नव्हे. एकट्याच्या खेळात हार एकट्याचीच असते, पाहणारे डोळे एकट्यावरच असतात, आणि आईबाप कुंपणाला धरून उभे असतात. माझ्याकडे पालक यायचे ते ‘मुलीला खेळ आवडतो का’ हे विचारायला नाही. ‘बाई, क्रीडागुण किती मिळतील’ हे विचारायला. सवलतीचे गुण मिळतात ते मिळोत बापडे. पण मैदानाचाही क्लास झाला, तिथेही निकाल लागू लागला, तर मुलीने दम घ्यायला जायचे कुठे?

मला खो-खो आवडतो तो यासाठी. नियम पाहा कसा आहे. आठ जणी मधल्या पट्टीत बसलेल्या, एकीचे तोंड इकडे तर दुसरीचे तिकडे. पाठलाग करणारीला मागे वळता येत नाही, मधली रेघ ओलांडता येत नाही. कितीही चपळ असो, तिला बसलेलीला खो द्यावाच लागतो. बसलेलीला आपण होऊन उठता येत नाही. पण तिच्यावाचून अडते. वर्गात जी पोर हात वर करायला घाबरते, तीसुद्धा खो मिळाला की विचार न करता उठते. असे उठताना मी शेकडो मुली पाहिल्या आहेत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, आणि कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे होती. मी तो सामना टीव्हीवर उभ्याने पाहिला. पण मला त्या पंधरा मुलींची काळजी नाही. पायरीवर बसलेल्यांची आहे.

पायरीवर त्या का बसतात, याची सगळी कारणे मनाची नसतात. काही अगदी कापडाची असतात. खेळाच्या गणवेशाचा पांढरा रंग कुणी ठरवला कोण जाणे. पाळीच्या चार दिवसांत पांढऱ्या कपड्यात मुलगी मोकळेपणी धावणार कशी? विम्बल्डनसारख्या कर्मठ ठिकाणीसुद्धा २०२३ पासून बायकांना पांढऱ्या स्कर्टच्या आत गडद रंगाची चड्डी घालायला परवानगी मिळाली. आपल्या शाळांना आपण पालक म्हणून एक अर्ज तरी करू शकतो की नाही? दुसरे, अंगाला नीट बसणारी, खेळताना आधार देणारी काचोळी मुलीला वेळेवर घेऊन देणे. ही खरेदी आया टाळतात, मुली बोलत नाहीत, आणि एवढ्याशा संकोचापायी खेळ सुटतो. तिसरे, स्वच्छ न्हाणीघर आणि पाणी. पाळीत खेळले तर चालते का, असे मला अजूनही विचारतात. चालते. बरे वाटत असेल तर खुशाल खेळावे. कित्येकींचे पोट दुखायचे थांबते. नको वाटत असेल तर बसावे. ते तिचे तिने ठरवावे, आईने नव्हे आणि बाईंनीही नव्हे.

मुलग्यांविषयी थोडक्यात सांगते. त्यांना हल्ली मैदानापेक्षा व्यायामशाळेतला आरसा जास्त आवडू लागला आहे. सोळाव्या वर्षी डब्यातली भुकटी खाऊन दंड फुगवायचे आणि रोज फोटो काढून पाहायचे, हे स्वास्थ्य नव्हे. तसेच एखादी मुलगी जेवण कमी करून तास तास पळू लागली, बारीक होऊनही तिला आपण जाडच दिसतो असे वाटू लागले, पाळी बंद झाली, तर ‘किती शिस्तीची आहे’ म्हणून कौतुक करू नका. डॉक्टरांकडे न्या.

आणि हेही सांगितले पाहिजे की खेळ हे सगळ्यावरचे औषध नाही. मूल दोन-दोन आठवडे उदास आहे, जेवत नाही, आवडत्या गोष्टीतून मन उडाले आहे, ‘मी नसते तर बरे झाले असते’ असे काही बोलते आहे, अशा वेळी ‘जा, जरा खेळून ये’ म्हणणे म्हणजे हाड मोडलेल्याला पळ म्हणण्यासारखे आहे. तेव्हा जाणकाराकडेच जायचे. सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेली-मानस ही मोफत दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि मराठीत बोलता येते. घरात कॅलेंडरवर दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवा. मुलांना दिसेल असा.

आता शेवटचे, कायद्याचे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला खेळाचे मैदान असावे असे सांगितले आहे, आणि सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अर्धवेळ का होईना शिक्षक असावा असेही. पण तो कायदा आठवीपर्यंतचा. माझी पायरीवरची मुलगीही आठवीतच बसते. त्यापुढचे कुणी करायचे?

चिटणीसबाईंनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना एक अट घातली होती, की नुसते भाषण नको. तुमच्या सभागृहामागे जे आवार आहे, जिथे मांडवाचे बांबू आणि मोडक्या खुर्च्या पडल्या आहेत, ते मी पावलांनी मोजून आले. खो-खोचे पुरे क्रीडांगण बसणार नाही, पण अर्धे बसते. आणि आपल्याला विश्वचषक खेळायचा नाही. शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. सातवी ते दहावीच्या मुली, आणि त्यांच्या आया-आज्यांपैकी ज्यांचे गुडघे परवानगी देतील त्या. गुण नाहीत, बक्षीस नाही, फोटो नाहीत, वजनाचा काटा नाही. संघ मी आकडे मोजून पाडीन. कपडे ज्याला जे सोयीचे ते, काळे चालतील. दहावीच्या मुलींना त्या तासाला क्लासमधून सोडवून आणायचे काम मात्र तुम्हाला करावे लागेल, ते माझ्याने होणार नाही.

त्या तालमीच्या दिवशी दारात उभी राहिलेली मुलगी कुणाची नात आहे मला माहीत नाही. असेल तर तिला माझा निरोप सांगा, पहिल्या शनिवारी नुसती बसायला आली तरी चालेल. खो-खोत बसणाऱ्या आठ लागतातच.

फक्की मी घेऊन येते. बांबू आणि खुर्च्या हलवायला चार जणी हव्यात, आणि दोन खांब कुणाकडे असतील तर जाताना चिटणीसबाईंना सांगून जा.